‘अँका पॉझिटिव्ह’ आले, आता पुढे काय? रक्तवाहिन्यांचा दाह डॉक्टर असा ओळखतात

महिनाभर बारीक ताप, उतरलेले वजन, पोटऱ्यांवर लाल-जांभळे ठिपके आणि पिशवीत रिपोर्टांची जाडजूड फाईल. एक रिपोर्ट खानापूरच्या लॅबचा, तीन बेळगावचे, एक मिरजेचा. त्यातल्या रक्ततपासणीच्या एका कागदावर ठळक छापलेले असते, ‘अँका : पॉझिटिव्ह’. घरातले कोणीतरी तो शब्द मोबाईलवर शोधते आणि दिवेलागणीपर्यंत सगळ्या घराचा समज होतो की किडन्या गेल्याच. दुसऱ्या एखाद्या घरात हाच रिपोर्ट निगेटिव्ह येतो, सगळे निर्धास्त होतात आणि खरा आजार आत वाढत राहतो.

दोन्ही घरांची चूक एकच आहे. हा आजार एका कागदावर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा छापून येत नाही. तो जुळवावा लागतो. कसा, ते पाहू.

आधी आजार समजून घेऊ

रक्तवाहिनी म्हणजे भिंत असलेली नळी. शरीराचे संरक्षण करणाऱ्या पेशी काही कारणाने या भिंतीवरच उलटतात, भिंत सुजते, जाड होते किंवा फाटते. यालाच रक्तवाहिन्यांचा दाह म्हणतात. डॉक्टरांचा शब्द व्हॅस्क्युलायटिस. लेखात पुढे नुसते ‘दाह’ म्हटले तरी तोच समजावा.

भिंत जाड झाली की आतली वाट अरुंद होते आणि पुढे रक्त पोहोचत नाही. भिंत कमकुवत झाली की फुगा येतो किंवा रक्त झिरपते. शरीरात रक्तवाहिनी नाही अशी जागा फार थोडी, त्यामुळे हा आजार कुठेही उगवतो. नाकात, डोळ्यात, फुप्फुसात, किडनीत, पायाच्या नसेत, आतड्यात. रुग्ण मग नाकासाठी एका डॉक्टरकडे, पायासाठी दुसऱ्याकडे आणि खोकल्यासाठी तिसऱ्याकडे जातो. तिघांकडचे तुकडे एकत्र ठेवून पाहणारे कोणी नसले, तर सगळ्यांचे उपचार चालू राहतात आणि आजाराचे नाव मात्र लागत नाही.

ऊस पिकवणाऱ्याला या वाहिन्यांचे गणित लगेच कळेल. कालवा, कालव्यातून फुटणारी चारी आणि चारीतून पाणी घेणारी सरी. कालवा अरुंद झाला की त्याच्या खालच्या सगळ्या शिवाराचे पाणी तुटते. सरी फुटली तर तेवढ्याच जागी चिखल होतो. शरीरातही असेच आहे. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या म्हणजे कालवा. किडनी, आतडी, हृदय यांना रक्त देणाऱ्या मधल्या धमन्या म्हणजे चाऱ्या. आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या म्हणजे सऱ्या. मोठ्या, मध्यम, लहान ही विभागणी डॉक्टरही करतात आणि २०१२ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून नक्की केलेली नावांची यादी याच मापावर उभी आहे. कोणत्या मापाची वाहिनी सुजली आहे हे कळले, की कोणती तपासणी कामाची आणि कोणती पैसे वाया घालवणारी हे बरेचसे ठरते.

शंका येते ती कशावरून?

एकट्या लक्षणावरून सहसा येत नाही. न जुळणारी लक्षणे एकाच माणसात जमली की येते.

लहान वाहिन्यांच्या दाहात त्वचेवर ठिपके उठतात. नेमके कसे, ते महत्त्वाचे. काचेचा पारदर्शक ग्लास ठिपक्यावर दाबून आरपार पाहा. साधी लाली दाबल्यावर फिकी पडते. हे ठिपके फिके पडत नाहीत, कारण रक्त वाहिनीच्या बाहेर आलेले असते. बोट फिरवले तर ते किंचित उंच लागतात आणि बहुधा गुडघ्याखाली जास्त असतात, कारण उभे राहिल्यावर रक्ताचा भार तिथे पडतो. प्लेटलेट कमी झाल्यामुळे येणारे ठिपके सपाट असतात. म्हणून ठिपके दिसले की प्लेटलेटचा आकडा आधी पाहतात.

दुसरी खूण पायाच्या नसेची. एक दिवस अचानक पाऊल वर उचलत नाही, अंगठा जमिनीला घासतो, उंबऱ्याला ठेच लागते. आठवड्याने दुसऱ्या बाजूच्या हाताचे मनगट लुळे पडते. मधुमेहाचा बधिरपणा सहसा दोन्ही पायांत सारखा आणि हळूहळू चढतो. इथे मात्र एकेक नस वेगवेगळ्या वेळी मरते, कारण त्या नसेला रक्त देणारी बारीक वाहिनी बंद पडलेली असते. हे सांगताना शब्द जपून वापरावेत. सीमाभागात रुग्ण मराठीत सांगतो, केस लिहून घेणारा शिकाऊ डॉक्टर बऱ्याचदा कन्नड किंवा हिंदीत समजून घेतो आणि कागदावर इंग्रजीत उतरते ते फक्त ‘पाय दुखतो’. दुखणे वेगळे, मुंग्या येणे वेगळे आणि पाऊल न उचलणे अगदीच वेगळे. चालून दाखवावे, म्हणजे भाषा आड येत नाही.

तिसरी खूण नाकाची. महिनोन्‌महिने नाकात खपल्या, रक्त, सायनसचे औषध घेऊनही फरक नाही आणि जोडीला खोकल्यातून रक्त. चौथी, मोठेपणी सुरू झालेला दमा आणि रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी भरमसाट वाढलेल्या. जंतांमुळेही त्या वाढतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर निष्कर्ष नको. पण दमा, वाढलेल्या इओसिनोफिल आणि लुळे पडलेले पाऊल हे तिन्ही एकत्र आले, तर शंका जवळजवळ खात्रीपर्यंत जाते.

लहान मुलांचे दोन प्रकार वेगळे लक्षात ठेवावे लागतात. एकात पाय आणि ढुंगणावर उंच ठिपके, सांधेदुखी आणि पोटात कळा असतात. त्याला आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात आणि बहुतेक मुले त्यातून आपोआप बरी होतात. दुसरा कावासाकी आजार, जपानच्या तोमिसाकू कावासाकी या बालरोगतज्ज्ञांनी १९६७ साली मांडलेला. पाच दिवस किंवा जास्त ताप, पू नसलेले लाल डोळे, फुटलेले लाल ओठ आणि दाणेदार जीभ, सुजलेले तळहात-तळवे, अंगावर पुरळ, मानेत दीड सेंटिमीटरहून मोठी गाठ. तापासोबत या पाचांपैकी चार खुणा असल्या की निदान होते. यासाठी रक्ताची कोणतीही खास चाचणी नाही. हृदयाचा इको करून तिथल्या धमन्या फुगल्यात का ते पाहतात आणि तापाच्या दहा दिवसांच्या आत विशिष्ट इंजेक्शन दिले तर हृदयाचा धोका बराच कमी होतो. म्हणून मुलाचा ताप पाचव्या दिवशीही हटत नसेल, तर गोवर किंवा ‘व्हायरल’ म्हणून आणखी आठवडा थांबू नये.

बीपी दोन्ही हातांत मोजले का?

मोठ्या वाहिन्यांचा दाह पकडणारे सगळ्यात स्वस्त यंत्र प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. तरी तो सुटतो, कारण पट्टा एकाच हाताला बांधला जातो.

जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली एका तरुणीच्या डोळ्यांतल्या वाहिन्यांचे विचित्र जाळे मांडले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा आजार महाधमनी आणि तिच्या फांद्यांचा. तो मुख्यतः चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो आणि भारतात तो दुर्मीळातला दुर्मीळ म्हणता येत नाही. विळा चालवताना किंवा धुणे पिळताना एकच हात भरून येतो, थांबले की बरे वाटते. त्या हाताची नाडी मंद असते किंवा लागतच नाही.

मोजण्याची पद्धत अशी. पाच मिनिटे शांत बसायचे, तोच पट्टा आधी एका आणि लगेच दुसऱ्या हाताला बांधायचा. वरच्या आकड्यात दहापर्यंतचा फरक बहुधा चालण्याजोगा. तो सतत वीस किंवा जास्त असेल तर शोध घ्यायलाच हवा. मग मानेवर, गळपट्टीच्या हाडाच्या वर आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून डॉक्टर ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो का ऐकतात. अरुंद जागेतून रक्त जाताना तो आवाज होतो.

यात एक फसगत होऊ शकते. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतील तर दोन्हीकडे बीपी कमी दिसते आणि ‘बीपी लो आहे’ म्हणून रुग्ण मीठ-पाणी पीत राहतो. आत हृदयावरचा आणि किडनीवरचा दाब मात्र धोक्याइतका चढलेला असू शकतो. अशा वेळी मांडीला रुंद पट्टा बांधून मोजतात. पायाचा वरचा आकडा हातापेक्षा थोडा जास्तच असतो, पण पन्नास-साठने जास्त आला तर हातातले मोजमाप खोटे समजावे.

लघवीची तपासणी : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

इथे थोडे थांबू, कारण माणसाची किडनी वाचते ती बहुतेक वेळा या टप्प्यावर.

एका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे बारीक वाहिन्यांचे वेटोळे. लहान वाहिन्यांचा दाह तिथे शिरला तरी किडनी दुखत नाही. लघवी जळजळत नाही, पाठीत कळ येत नाही. रुग्णाला काही कळण्याच्या आत आठवड्या-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते हे दाखवणारा रक्तातला आकडा, दुप्पट होते. मात्र पहिल्या दिवसापासून लघवीत रक्त आणि प्रथिने येत असतात, बऱ्याचदा डोळ्यांना न दिसणारी.

पट्टी बुडवली की रक्त आहे हे कळते. ते कुठून आले हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते. मूतखड्याने आलेल्या रक्तपेशी गोल, शाबूत असतात. गाळणीच्या फटीतून ओढून आलेल्या पेशी वेड्यावाकड्या, कोंब फुटल्यासारख्या दिसतात. कधी त्या नळीच्या आकाराच्या साच्यात अडकलेल्या सापडतात. असा रक्तपेशींचा साचा दिसला की रक्त किडनीच्या आतूनच येते आहे, याबद्दल शंका फारशी उरत नाही.

पण हे साचे नाजूक असतात. लघवी दोन तासांहून जास्त तशीच राहिली तर विरघळतात. सकाळी सहाला गावात बाटली भरली, दूधगाडीतून तालुक्याला पाठवली आणि दुपारी बाराला तपासली, तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो आणि त्यात लॅबची चूक नसते. लघवी लॅबमध्येच जाऊन द्यावी, सुरुवातीची धार सोडून मधली धरावी, पाळीच्या दिवसांत देऊ नये. रक्त दिसल्यास पेशींचा आकार आणि साचे पाहून कळवावेत असे डॉक्टरांनी कागदावर लिहिले, तर लॅबवाला तेवढा वेळ देतो. न लिहिता तो सहसा मशीनचा आकडा देऊन मोकळा होतो.

कोणत्याही वयाच्या माणसाला अंगावर उंच ठिपके, पाऊल लुळे पडणे किंवा खोकल्यातून रक्त असेल, तर लघवी आणि क्रिएटिनिन त्याच दिवशी पाहावे. अँकाचा रिपोर्ट यायला दिवस लागतील. लघवीला नाही.

ईएसआर, सीआरपी वाढलेत, म्हणजे हेच का?

नाही. शरीरात कुठेतरी सूज आहे एवढेच सांगणारे रक्ततपासणीचे हे दोन आकडे म्हणजे धूर. तो गुऱ्हाळाचा आहे की उसाच्या फडाला लागलेल्या आगीचा, हे लांबून कळत नाही. टीबी, न्यूमोनिया, गळू, कर्करोग, सगळ्यात ते वाढतात आणि ईएसआर तर नुसते रक्त कमी असले तरी चढतो. ईएसआर शंभरच्या वर गेला की शोध घ्यावा लागतो एवढेच. उपचार सुरू झाल्यावर आग विझते आहे का हे पाहायला या आकड्यांचा उपयोग जास्त.

मग अँका नेमके काय सांगते?

आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आतल्या पदार्थांविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये म्हणजे अँका. शोधायच्या पद्धती दोन. जुन्या पद्धतीत पेशींवर चमकणारा रंग टाकून नक्षी पाहतात. रंग पेशीभर पसरला तर ‘सी’, केंद्रकाभोवती जमला तर ‘पी’. नव्या पद्धतीत प्रतिद्रव्य नेमके कोणत्या प्रथिनाविरुद्ध आहे ते मोजतात. ती दोन प्रथिने म्हणजे पीआर-३ आणि एमपीओ. २०१७ पासून तज्ज्ञांचा सल्ला आहे की सुरुवात या मोजणाऱ्या पद्धतीनेच करावी. रिपोर्टवर नुसते ‘पी-अँका पॉझिटिव्ह’ आहे आणि पीआर-३, एमपीओ दोन्ही निगेटिव्ह आहेत, तर त्या पॉझिटिव्हला फार किंमत नाही. ल्युपससारख्या, संरक्षण करणाऱ्या पेशी शरीरावरच उलटणाऱ्या दुसऱ्या आजारात असणाऱ्या वेगळ्या प्रतिद्रव्यांमुळेही तशी नक्षी दिसते.

राखणीचे कुत्रे भुंकले म्हणजे चोर आलाच असे नाही. टीबीत, हृदयाच्या झडपेला झालेल्या जंतुसंसर्गात, आतड्याच्या काही जुनाट आजारांत आणि काही औषधांमुळेही अँका पॉझिटिव्ह येते. बीपीसाठी दिले जाणारे हायड्रालाझिन आणि थायरॉईडसाठीचे प्रोपिलथायोयुरासिल ही त्यातली ठरलेली नावे. टीबीचे प्रमाण जिथे जास्त, तिथे हे विसरून चालत नाही.

कुत्रे गप्प राहिले म्हणजे चोर नाही, असेही नाही. ताकायासूमध्ये, मध्यम वाहिन्यांच्या दाहात आणि मुलांच्या आयजीए प्रकारात अँका नसतेच. दमा आणि इओसिनोफिलवाल्या प्रकारात निम्म्याहून अधिक रुग्णांत ती निगेटिव्ह येते. म्हणून एका हाताला नाडी नसलेल्या मुलीची अँका करणे म्हणजे कालवा गाळाने भरलेला असताना सरीत खोरे मारत बसणे.

नाक, फुप्फुस, किडनी यांची लक्षणे जुळतात, लघवीत वेडीवाकडी रक्तपेशी आहे आणि पीआर-३ किंवा एमपीओ चांगले चढलेले आहे, तेव्हा मात्र हाच रिपोर्ट फार वजनदार ठरतो. चाचणी तीच, पण ती कोणत्या माणसावर केली यावर तिचा अर्थ बदलतो. ‘सगळे पॅनेल करून टाका’ या पद्धतीने काढलेले रिपोर्ट त्यामुळेच गोंधळ वाढवतात.

दुसरे काही नाही ना?

निदानाचा निम्मा वेळ या प्रश्नात जातो आणि जायलाच हवा. दाहावरचे उपचार म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणे. मूळ आजार जंतूंचा असेल तर ते आगीत तेल.

फुप्फुसात पोकळी आणि खोकल्यातून रक्त म्हटले की आपल्याकडे पहिले नाव टीबीचे, आणि ते बरोबरच आहे. पण थुंकीत जंतू नाहीत, जीनएक्सपर्ट ही टीबीची चाचणी निगेटिव्ह, तरी टीबीचा कोर्स सुरू केला आणि दोन महिन्यांनी फरक नाही, जोडीला नाकात खपल्या आणि लघवीत रक्त आले, तर दाहाचा विचार त्याच दिवशी व्हावा. उलटी चूकही होते. दाह समजून स्टिरॉइड दिले आणि दडलेला टीबी उसळला.

हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग तर हुबेहूब सोंग आणतो. ताप, ठिपके, लघवीत रक्त, वाढलेला ईएसआर, कधी अँकासुद्धा पॉझिटिव्ह. त्यासाठी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी वेगवेगळ्या जागांहून तीन वेळा रक्त काढून कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहायला, लावतात आणि हृदयाचा इको करतात. आधीच चार दिवस अँटिबायोटिक घेतले असेल तर कल्चर कोरे येऊ शकते. म्हणून घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे टाकून देऊ नयेत.

कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही या तिन्ही चाचण्या जवळपास प्रत्येक रुग्णाच्या करतात. कोणावर संशय म्हणून नाही. कावीळ बी मुळे मध्यम धमन्यांचा दाह होतो आणि तेव्हा विषाणूवरचे औषध हाच मुख्य उपचार असतो. पावसाळ्यात ताप आणि ठिपके असतील तर डेंगी, लेप्टो, स्क्रब टायफस आधी तपासतात.

आणि तंबाखू. निपाणी-चिकोडी पट्ट्यात हा मुद्दा ओलांडून पुढे जाता येत नाही. पन्नाशीच्या आतला, विडी ओढणारा पुरुष, पायाच्या बोटाला न भरणारी जखम, रात्री पाय खाली लोंबकळत सोडल्याशिवाय झोप नाही. हा बहुधा बर्गरचा आजार. लिओ बर्गर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. त्याला इतर दाहांच्या पंक्तीत बसवावे की नाही यावर तज्ज्ञांचे एकमत नाही, पण ओळखताना फरक करावाच लागतो. यात ईएसआर, सीआरपी साधारण नॉर्मल असतात, प्रतिद्रव्ये सापडत नाहीत आणि अँजिओग्राफीत बंद पडलेल्या धमनीभोवती बुचाच्या स्क्रूसारख्या वळणावळणाच्या बारीक वाहिन्या दिसतात. स्टिरॉइडचा उपयोग नाही. तंबाखू पूर्ण बंद हाच उपचार, ‘दिवसाला दोनच विड्या’ हा नाही. मळून खाल्लेली तंबाखू आणि दातांना लावलेली मिश्रीही डॉक्टरांना सांगावी. विचारले नाही तरी.

तुकडा काढलाच पाहिजे का? तुकडा म्हणजे कॅन्सर ना?

तुकडा काढून तपासणे म्हणजे बायोप्सी. कॅन्सरसाठी ती होते म्हणून घराघरात भीती बसली आहे. इथे तिचे काम वेगळे आहे. सुजलेली भिंत प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणे.

त्वचेची बायोप्सी सोपी. जागा बधिर करून चार मिलिमीटरच्या गोल पात्याने ठिपक्याचा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो, पायावरचा टाका दहा ते चौदा दिवसांनी काढतात. चूक होते ती ठिपका निवडताना. साधारण चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा ठिपका हवा. आठवडाभर जुन्या, काळपट पडलेल्या ठिपक्यातला पुरावा सफाई करणाऱ्या पेशींनी पुसून टाकलेला असतो. कोणते ठिपके आज-काल उठलेत, हे रुग्णालाच ठाऊक असते. त्याने पेनाने गोल करून आणले तरी चालेल.

दुसरी चूक बाटलीची. एक तुकडा फॉर्मलिनमध्ये जातो, साध्या सूक्ष्मदर्शकासाठी. भिंतीत आयजीएसारखी प्रतिद्रव्ये साचली आहेत का ते पाहायला दुसरा तुकडा लागतो आणि तो फॉर्मलिनमध्ये टाकला की संपला. त्याला मिशेल नावाचे द्रावण लागते. ते नसेल तर साध्या सलाईनमध्ये ठेवून त्याच दिवशी लॅबला पोहोचवावा लागतो. तालुक्याच्या गावाहून नमुना मोठ्या शहरात कुरिअरने जाणार असेल, तर दोन बाटल्या आहेत ना आणि दुसरीत काय आहे, हे नातेवाइकांनी विचारायला हरकत नाही. नाहीतर तुकडा पुन्हा काढावा लागतो.

किडनीच्या बायोप्सीत सोनोग्राफीवर पाहत, पाठीतून बारीक सुईने शेवईसारखे एक ते दोन सेंटिमीटरचे दोन-एक धागे घेतात. त्यात निदान दहा-एक गाळण्या सापडल्या तर वाचन भरवशाचे. आधी बीपी आटोक्यात हवे, रक्त गोठण्याचा रिपोर्ट हवा आणि अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतात. नंतर काही तास उताणे पडून राहायचे. शंभरातल्या काही जणांना लघवीत लाल रक्त दिसते, बहुतेकांचे आपोआप थांबते. पंधरा दिवस घागर किंवा उसाची मोळी उचलायची नाही. मिळते काय? किती गाळण्या जळताहेत आणि किती कायमच्या वाळल्यात याचे प्रमाण. जळणाऱ्या वाचवता येतात, वाळलेल्या नाहीत, आणि औषध किती जोराचे द्यायचे हे त्यावर ठरते. अँका हे सांगू शकत नाही.

प्रत्येकाला मात्र तुकडा लागत नाही. लहान मुलाचे चित्र स्पष्ट असेल तर टाळतात. महाधमनीचा तुकडा तर काढताच येत नाही. तिथे सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी करून वाहिनीची आतली वाट आणि भिंतीची जाडी पाहतात. मध्यम धमन्यांत मण्यांच्या माळेसारखे बारीक फुगे दिसले तर तोच पुरावा. सीटीच्या वेळी शिरेत टोचल्या जाणाऱ्या डायने किडनीवर भार येतो, म्हणून आधी क्रिएटिनिन पाहतात आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ते सांगून ठेवावे.

‘आधी स्टिरॉइड देऊन बघू, गुण आला तर तोच आजार’

हा युक्तिवाद ऐकायला व्यवहारी वाटतो आणि त्यानेच सर्वाधिक नुकसान होते. स्टिरॉइडने ताप, सांधेदुखी, भूक, सगळे दोन दिवसांत सुधारते. टीबीतही, कर्करोगाच्या काही प्रकारांतही. गुण आला यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट भिंतीची सूज ओसरते, ठिपके वाळतात आणि तुकड्यात सापडणारा पुरावा फिका पडतो. गावातल्या दवाखान्यात सांधेदुखीवर मिळालेल्या बिननावाच्या पुड्यांतही स्टिरॉइड असू शकते. घेतल्या असतील तर सांगाव्यात, लाजू नये.

याला मोठा अपवाद आहे, आणि तो माहीत नसला तर डोळा जातो. पन्नाशीच्या पुढचा माणूस, कानशिलावर नवी डोकेदुखी, भाकरी चावताना जबडा भरून येणे, क्षणभर अंधारी. कानशिलाच्या धमनीच्या या दाहात डॉक्टर तुकड्याची वाट न पाहता त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू करतात, कारण गेलेली नजर सहसा परत येत नाही. धमनीचा तुकडा नंतरच्या एक-दोन आठवड्यांत घेतला तरी त्यात दाह दिसू शकतो. सोनोग्राफीत भिंतीभोवती दिसणारे काळे कडे मात्र काही दिवसांतच पुसट होते, म्हणून ती लवकर करतात. या धमनीचा दाह सलग नसतो, मध्येमध्ये चांगला भाग असतो. म्हणून तुकडा निदान एक सेंटिमीटर लांब घेतात.

खोकल्यातून भरपूर रक्त, झपाट्याने वाढणारे क्रिएटिनिन, अचानक लुळे पडलेले पाऊल, काळे पडणारे बोट, यांतही उपचार आणि तपासण्या बरोबरीने चालतात. रक्ताचे नमुने मात्र पहिल्या इंजेक्शनआधी काढून ठेवतात.

फाईल कशी लावावी

बेळगाव, कोल्हापूर, मिरज, हुबळी, गोवा. सीमाभागातला रुग्ण दोन-तीन राज्यांत फिरतो आणि एका दवाखान्याच्या संगणकातले दुसऱ्याला दिसत नाही. कागद तारखेने लावावेत, सगळ्यात जुना खाली. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि लघवीतल्या रक्त-प्रथिनांचे आकडे एका वहीत तारखेपुढे उतरवावेत. १.१ वरून १.६ झालेले क्रिएटिनिन वेगवेगळ्या कागदांवर किरकोळ वाटते, एका ओळीखाली दुसरी लिहिली की डोळ्यात भरते. ठिपक्यांचा फोटो उठल्या दिवशी, उजेडात, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून काढावा, कारण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत ते बहुधा मावळलेले असतात. बायोप्सीची काच आणि मेणाचा ठोकळा लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असेल तर तो मागून घेता येतो, नवा तुकडा लागत नाही.

सगळे जुळवण्याचे काम शक्यतो सांधेवाताच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे रूमॅटॉलॉजिस्टकडे द्यावे. किडनीत शिरले असेल तर सोबत किडनीतज्ज्ञ. ते जवळ नसतील तर अनुभवी फिजिशियनही सुरुवात करू शकतात, फक्त सगळी फाईल एकाच्या डोळ्यांखालून जायला हवी.

निदान झाल्यावर अँका दर महिन्याला करून घेण्याचा आग्रह धरू नये. आकडा थोडा चढला म्हणून आजार उलटला असे नसते आणि केवळ त्यावरून औषध सहसा वाढवत नाहीत. लघवी मात्र तपासत राहावी. आयजीए प्रकारातून बऱ्या झालेल्या मुलाचे ठिपके गेले, शाळा सुरू झाली, तरी पुढचे सहा महिने लघवी आणि बीपी ठरल्या तारखांना पाहतात, कारण किडनीचा त्रास झालाच तर तो बहुतेक वेळा याच काळात डोके वर काढतो.